स्वमग्न मुलाला शी-शूची सवय लावताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी "यंदा वर्धापनदिनाला तुम्ही बोला" असे सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. व्यासपीठावर उभे राहण्याची सवय नाही. शिवाय त्यांनी दिलेला विषय असा, की हळदीकुंकवाच्या दिवशी कोणी तो काढूही नये. पण मग मनात आले, ज्या घरात लहान मूल आहे त्या घराचा दिवस याच विषयाने उजाडतो. मुलाचे करण्यात आईला लाज नसते, मग त्याबद्दल चौघींत बोलण्यात तरी ती का असावी? म्हणून उभी राहिले आहे. बोलताना काही उणे-अधिक झाले तर सांभाळून घ्या.

माझ्या धाकट्या जावेचा मुलगा स्वमग्न आहे. स्वमग्नता म्हणजे डॉक्टर ज्याला ऑटिझम म्हणतात ते. आम्ही एकत्र राहतो, त्यामुळे त्याचे निम्मे करणे माझ्या हातून होते. आता तो सात वर्षांचा आहे. साडेचार वर्षांचा असताना आम्ही त्याला संडासात बसण्याची सवय लावायला घेतली, आणि बरोबर अकरा महिन्यांनी तो दिवसा कोरडा राहू लागला. या अकरा महिन्यांत जे शिकलो ते आज सांगते. सगळ्या मुलांना ते जसेच्या तसे लागू पडेल असे नाही. पण आपल्यापैकी कोणाच्या घरी, नात्यात, शेजारी असे मूल असेल, त्यांना त्यातले काही उपयोगी पडेल.

आपल्याकडे पूर्वी मूल मान धरू लागले, बसू लागले, की आई किंवा आजी दोन्ही पाय जुळवून बसत आणि मुलाला पायांवर धरून तोंडाने 'शूऽऽ' असा आवाज काढत. त्या आवाजाची आणि त्या बसण्याची मुलाला सवय लागे. हल्ली डायपर आले. त्यांची सोय आहे, मी नावे ठेवत नाही. पण त्यात ओले झाल्याचे मुलाला फारसे कळतच नाही. साधे मूल तरीही तीन वर्षांच्या आतबाहेर शिकते, कारण ते मोठ्यांचे पाहते, त्याला शाबासकी हवी असते, आणि पोटात कळ आली की ती कशाची हे त्याला उमजते.

स्वमग्न मुलाचे इथेच अडते. पुष्कळ अशा मुलांना आपल्या शरीराचा निरोप वेळेवर पोचत नाही. भूक लागली, तहान लागली, लघवी आली, हे त्यांना उशिरा कळते, किंवा कळले तरी सांगता येत नाही. आमचा बाळ तेव्हा मोजून पाच-सहा शब्द बोले. दुसरे असे, की आपल्याला जे जाणवतही नाही ते या मुलांना असह्य होते. फ्लशचा आवाज, बंद खोलीत घुमणारा आपलाच आवाज, फिनेलचा वास, डिसेंबरातल्या नाशिकच्या थंडीत गार पडलेली फरशी, यातले एकही पुरे. आणि तिसरे म्हणजे, एकदा जी रीत बसली ती मोडायची म्हटले की त्यांचा जीव घाबरा होतो. आमचा बाळ कपाटामागच्या कोपऱ्यात उभा राहूनच शी करी. तिथून हलवले की आकांत. बघणाऱ्याला वाटे, किती हट्टी मूल! तो हट्ट नव्हता. ती एकच जागा त्याच्या ओळखीची होती.

मग बोल कोणाला लागतो? आईला. "हिने लाडावून ठेवले", "हिचे लक्ष नसते". हा दोष आजचा नाही आणि आपल्या गावापुरताही नाही. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरांनी अकरा मुलांचे वर्णन लिहिले, तेव्हापासून या अवस्थेला नाव मिळाले. पुढे कित्येक वर्षे तिकडचे शिकलेसवरलेले डॉक्टरही म्हणत, की आईने माया केली नाही म्हणून मूल असे झाले. १९६४ साली बर्नार्ड रिमलंड यांनी पुस्तक लिहून हे खोडून काढले. ते मानसशास्त्राचे अभ्यासक होते, आणि अशाच एका मुलाचे वडीलही होते. जन्माआधीपासूनच मेंदूची घडण वेगळी होत असते, त्यात आईच्या मायेचा संबंध नाही, हे आता सर्वमान्य आहे. तेव्हा भगिनींनो, जी गोष्ट मोठ्या डॉक्टरांना मागे घ्यावी लागली, ती आपण जिन्यात उभे राहून बोलू नये.

आता आम्ही काय केले ते क्रमाने सांगते.

पहिली गोष्ट, डॉक्टरांना दाखवले. या मुलांत पुष्कळांना मलावरोध असतो, कारण खाण्याच्या आवडी फार थोड्या असतात. आमचा बाळ दूधभात आणि बिस्किटे यांवाचून काही खात नसे. खडा झाला की दुखते, दुखते म्हणून मूल धरून ठेवते, आणि धरून ठेवले की खडा आणखी मोठा होतो. कधी कधी त्या खड्याच्या कडेने पातळ शी झिरपून चड्डीला लागत राहते. आपल्याला वाटते जुलाब होत आहेत, आणि आपण खाणेपिणे तोडतो. होते ते नेमके उलट. तेव्हा आधी पोट साफ आणि मऊ राहील असा उपचार डॉक्टरांकडून घ्यावा. आपल्या मनाने एरंडेल पाजू नये. जोवर दुखते आहे तोवर कोणतीही शिकवण लागत नाही.

दुसरी गोष्ट, वही घातली. साधी शाळेची शंभर पानी. आठ दिवस काही शिकवायचे नाही, फक्त लिहायचे. सकाळी उठल्यापासून तासातासाला हात लावून पाहायचे, कोरडा की ओला. शी केव्हा झाली, पाणी केव्हा प्यायला, जेवला केव्हा. आठ दिवसांनी आम्हांलाच नवल वाटले. ज्याला आम्ही 'कधीही करतो' म्हणत होतो त्याचे वेळापत्रक आमच्यापेक्षा पक्के होते. सकाळच्या दुधानंतर वीस मिनिटांनी शी. लघवी सुमारे दीड तासाने. मग त्या वेळेच्या जरा आधी त्याला नेऊन बसवायचे, एवढेच राहिले. खाल्ल्यावर आतडी आपोआप हालू लागतात, म्हणून जेवणानंतरची वेळ सगळ्याच मुलांना चांगली.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. ती शब्दाची. कोणत्याही भरल्या घरात जाऊन ऐका. आजी म्हणते 'शू आली का', आजोबा म्हणतात 'लघवी', काका म्हणतो 'एक नंबर', शाळेत जाणारी बहीण म्हणते 'सुसू', आणि कोणी नुसतेच 'जायचंय का?' म्हणते. साधे मूल हे सगळे एकच आहे हे आपसूक जाणते. स्वमग्न मुलाला ते पाच निराळे शब्द वाटतात, आणि 'जायचंय का' म्हटले की ते चपला घालून दारात उभे राहते. विशेष मुलांच्या शिक्षिकाबाईंनी हे आमच्या ध्यानात आणून दिले. त्या दिवशी सासूबाईंनी देवासमोर सगळ्यांना बसवून ठरवून टाकले, आजपासून या घरात एकच शब्द, 'शू'. आणि शीला 'शी'. बरोबर एकच खूण, मूठ मिटून मनगट हलवायचे. सासरे सत्तरी ओलांडलेले, जुन्या वळणाचे. पण तेही मूठ हलवून नातवाला 'शू' म्हणू लागले. पुढे कामाला येणाऱ्या बाईंनाही तेच सांगितले. तोंडाने शब्द येण्याच्या कितीतरी आधी बाळाने ती मूठ हलवून दाखवली. ज्याला बोलता येत नाही त्याला सांगता येत नाही असे नसते, हे मला तेव्हा कळले.

चौथी गोष्ट, जागा. आमचा संडास भारतीय पद्धतीचा. ते भोक पाहून बाळाला आपण आत पडू असे वाटत असावे, पाय ठेवी ना. म्हणून आधी लहान मुलांचे बसके भांडे आणले, दोन्ही पाय जमिनीला टेकतील असे. पाय अधांतरी राहिले की पोटाला जोर लागत नाही, ही गोष्ट मोठ्या कमोडवर बसवणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावी, पायाखाली पाट द्यावा. ते भांडे पहिल्या दिवशी कपाटामागे त्याच्याच कोपऱ्यात ठेवले. मग रोज वीतभर पुढे. असे करत करत तीन आठवड्यांनी ते संडासाच्या दारात आले आणि मग आत गेले. पुढे सुताराकडून भिंतीला धरायला लाकडी दांडी ठोकून घेतली, तेव्हा त्याने खाली पाय ठेवला. धुवायला थंड पाणी नाही, तांब्यात कोमट. आणि पाणी ओतायचे ते बाळ बाहेर पडल्यावर. आवाजाची भीती ओसरल्यावर पुढे त्याने स्वतः बादली ओतली.

एका वेळी पाच मिनिटांपेक्षा जास्त बसवायचे नाही. झाले तर झाले, नाही तर उठवायचे. कोंडून ठेवणे, बांधून ठेवणे, हे तर मुळीच नाही. भीती बसली की सहा महिने मागे जावे लागते.

पाचवी गोष्ट, चित्रे. ही मुले ऐकण्यापेक्षा बघून लवकर शिकतात. जावेने पुठ्ठ्यावर सहा चित्रे काढली: चड्डी खाली, बसणे, शू, धुणे, चड्डी वर, हात धुणे. ती संडासाच्या भिंतीवर बाळाच्या डोळ्यांच्या उंचीवर ओळीने लावली. प्रत्येक चित्रावर बोट ठेवायचे आणि तेवढेच करायचे. हाताने करायचे ते आम्ही त्याच्या पाठीमागे उभे राहून त्याचे हात धरून करवले. आणि शिकवताना शेवटाकडून शिकवले. म्हणजे चड्डी आम्ही जवळजवळ पूर्ण वर आणून द्यायची, शेवटची दोन बोटे त्याने ओढायची. मग चार बोटे. मग गुडघ्यापासून. रोज काम त्याच्या हातून पुरे होते, त्यामुळे त्याला ते आवडू लागले. चड्डी इलॅस्टिकची हवी, नाडी-बटणाची नको.

सहावी, बक्षिसाची. "शाबास रे राजा" म्हटल्याने आमच्या बाळाला काही वाटत नसे. त्याला फिरणाऱ्या वस्तूंचे वेड. म्हणून एक भोवरा फक्त याच कामासाठी फळीवर ठेवला. शू झाली की त्याच क्षणी भोवरा. दोन मिनिटे फिरवायचा आणि परत फळीवर. संध्याकाळी खाऊ देऊ, रविवारी बागेत नेऊ, असले उधारीचे बक्षीस या मुलांना कळत नाही.

आणि चड्डी ओली झाली तर? ती होणारच. दिवसात सात-सात वेळा झाली. रागवायचे नाही, हसायचेही नाही, लांबलचक बोलायचे नाही. 'ओली. शू तिकडे.' एवढे म्हणून संडासात न्यायचे, तिथेच चड्डी बदलायची, शी असेल तर तीही त्याच्यासमोर तिथेच टाकायची. म्हणजे ती कुठे जाते ते दिसते. मारल्याने मूल एकच गोष्ट शिकते, लपून करायला. रात्रीची सवय सर्वांत शेवटी. तिची घाई करू नये.

वय निघून गेले असे मात्र कोणी म्हणू नये. १९७१ साली अमेरिकेत अझरिन आणि फॉक्स या दोघांनी दाखवून दिले, की वर्षानुवर्षे संस्थेत राहिलेली, बुद्धीने फार मागे असलेली मोठी माणसेही ही सवय शिकू शकतात. भरपूर पाणी पाजणे, वेळेवर बसवणे, लगेच बक्षीस, अशी त्यांची रीत होती. चूक झाल्यावर रागे भरणे आणि साफ करायला लावणे हेही त्यांच्या रीतीत होते. तो भाग आता सोडून द्यावा असे जाणकार म्हणतात. बाकीचे आपण घेतले आहे.

अजून एक नाजूक गोष्ट आहे, तीही आयाबहिणींच्या सभेतच बोलावी. हे मूल उद्या मोठे होणार आहे. चार वर्षांचा मुलगा अंगणात चड्डी काढतो तेव्हा लोक हसतात. चौदाव्या वर्षी तेच केले तर लोक मारतील. म्हणून कपडे आतच काढायचे, दार लोटायचे, हे पहिल्या दिवसापासून शिकवावे. आणि त्याला धुवायला, मदतीला कोण जाईल ती माणसे मोजकी आणि ठरलेली असावीत. ज्याला सांगता येत नाही त्याच्या अंगाला वाटेल त्याचा हात लागू नये. मूल स्वतःचे स्वतः जितके करील तितके ते सुरक्षित. मुलगी असेल तर हे दुप्पट खरे, कारण पुढे पाळी येणार. तिचीही तयारी अशीच चित्रांनी, एक एक पायरीने, आधीपासून करावी लागते.

आता मंडळाकडे वळते. माझी धाकटी जाऊ दोन वर्षे मंडळात आली नाही, हे तुम्हांला ठाऊक आहे. त्याआधी एका हळदीकुंकवाला बाळाची चड्डी खराब झाली होती. कोणी वाईट बोलले नाही. पण दोघी-तिघींचा पदर नाकाशी गेला, आणि तिने तो पाहिला. तिने लग्नाला, बारशाला, कुठेही जाणे सोडले. एका बालवाडीत विचारले, तर 'शू सांगायला लागला की आणा' असे उत्तर मिळाले. म्हणजे शू सांगत नाही म्हणून शाळा नाही, आणि चार मुलांत नाही म्हणून ते बघून शिकणेही नाही. आई आणि मूल दोघेही एका दारामागे. शी-शूचा प्रश्न दिसायला चड्डीएवढा, पण त्यात असे अख्खे आयुष्य अडकते.

आपल्या नाशिकला हे नवे नाही. रजनीताई लिमये यांचा स्वतःचा मुलगा मतिमंद होता. त्यांनी १९७७ साली इथे प्रबोधिनी विद्यामंदिर ही अशा मुलांची शाळा सुरू केली. मतिमंद असणे आणि स्वमग्न असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, काही मुलांत त्या एकत्र असतात. पण मुद्दा असा, की एका आईने आपल्या घरातला प्रश्न गावाचा केला. कायदाही आता आपल्या बाजूने आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार धरले आहेत, त्यांत स्वमग्नता आहे. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी अशा मुलांना भेदभाव न करता घ्यावे, असे त्यात लिहिले आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी होते. दोन वर्षांचे मूल हाक मारल्यावर बघत नसेल, बोट दाखवत नसेल, तर "मुलगे उशिराच बोलतात" म्हणून थांबू नका. त्या तपासणीत सांगा, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

आणि आपण काय करायचे? माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. जिच्याकडे असे मूल आहे तिने ठरवलेला शब्द आणि खूण आपण विचारून घ्यावी आणि तीच वापरावी. ही मुले एका घरी शिकलेले दुसऱ्या घरी विसरतात, त्यांना प्रत्येक नवी जागा नव्याने शिकावी लागते. म्हणून आपल्या घरचा संडास त्यांना दाखवावा, दोनदा-चारदा वापरू द्यावा. समोरच्या बिऱ्हाडातल्या वहिनींनी आमच्या बाळासाठी हे केले. त्यांच्या संडासाच्या भिंतीवर आमची सहा चित्रे अजून चिकटलेली आहेत, आणि त्यांचे पाहुणे ती बघून बुचकळ्यात पडतात! मंडळाच्या या हॉलमध्येही तशी चित्रे लावावीत, एक बादली, एक पाट आणि दोन जुन्या स्वच्छ चादरी ठेवाव्यात, अशी माझी सूचना आहे. खर्च दोनशे रुपयांच्या आत. चादरी मी देते. आणि कोणाच्या मुलाची चड्डी ओली झालीच, तर एकीने फडके घ्यावे, एकीने दुसऱ्या मुलांना खेळायला न्यावे, आणि बाकीच्यांनी आपल्या गप्पा चालू ठेवाव्यात. त्या आईला एवढेच हवे असते.

चिटणीसबाई, ही सूचना आजच्या इतिवृत्तात लिहून घ्यावी, ही विनंती.